सौम्य आम्लाची गोष्ट

एखादी गोष्ट पार धुडकावून लावली की मराठीत आपण म्हणतो, ‘हरताळ फासला’. नियमांना हरताळ, आश्वासनांना हरताळ. वर्तमानपत्रांचे मथळे या शब्दावाचून अडतील. (दुकानं बंद ठेवण्याचा हरताळ वेगळा. तो ‘हाट’ आणि ‘ताळा’ यांच्यातून आला.) फासायचा हरताळ म्हणजे खरोखरचं एक पिवळंधमक खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की लेखनिक या खनिजाची पूड डिंकात कालवून त्या अक्षरावर लावत आणि लेप वाळला की त्यावर नवं अक्षर लिहीत. थोडक्यात, त्या काळचं व्हाइटनर. शिवाय या लेपामुळे कागदाला कसर लागत नसे. का लागत नसे, याचं उत्तर त्या पिवळ्या रंगातच आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. त्याचं लाल भावंड म्हणजे मनशीळ.

या कुटुंबातला तिसरा सदस्य म्हणजे सोमल. पांढरा, बिनवासाचा, जवळजवळ बेचव. जुन्या कादंबऱ्यांत दुधातून दिला जातो तो हाच. हरताळ किंवा मनशीळ हवेत भाजली की गंधक उडून जातं, आर्सेनिकला प्राणवायू मिळतो आणि सोमल तयार होतो. पहिली दोन खनिजं पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत, त्यामुळे त्यांचं विष बरंचसं त्यांच्यातच कोंडलेलं राहतं. सोमल मात्र विरघळतो. सावकाश विरघळतो, पण लिटरभर पाण्यात साधारण वीस ग्रॅम मावतो. मरायला शंभर-दोनशे मिलिग्रॅम पुरतात, हे लक्षात घेतलं तर वीस ग्रॅम म्हणजे फार झालं.

विरघळताना तो सोमल राहत नाही. पाण्याशी संयोग होऊन त्याचं आर्सेनस आम्ल बनतं. मधे आर्सेनिकचा एक अणू आणि त्याला चिकटलेल्या ओएचच्या तीन जोड्या, इतकी साधी रचना. गंमत म्हणजे हे आम्ल बाटलीत भरून फडताळात ठेवता येत नाही. ते फक्त पाण्यातच नांदतं. पाणी आटवलं की तळाशी पुन्हा पांढरा सोमल. मला या आम्लाबद्दल लिहावंसं वाटलं ते त्याच्या एका गुणामुळे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते ‘सौम्य आम्ल’ आहे, अतिशय सौम्य. आणि गेल्या पन्नास वर्षांत गंगेच्या खोऱ्यात त्याने जो हाहाकार केला, त्यामागे हा सौम्यपणाच मोठ्या प्रमाणात आहे.

शाळेत शिकलेलं जरा आठवू. आम्ल पाण्यात गेलं की आपल्याकडचा हायड्रोजन सोडून देतं. हायड्रोक्लोरिक आम्ल झाडून सगळा सोडतं, म्हणून ते तीव्र. व्हिनेगरमधलं आम्ल थोडाच सोडतं, म्हणून ते सौम्य. कोण किती सोडतं हे सांगायला पीकेए नावाचा आकडा वापरतात. आकडा जितका मोठा, तितकं आम्ल जास्त हातचं राखून वागणारं. व्हिनेगरचा आकडा ४.८ च्या आसपास, आर्सेनस आम्लाचा ९.२. हा आकडा घरातल्या आणखी एका आम्लाचा जवळजवळ तेवढाच आहे. कॅरम बोर्डावर सोंगट्या घसराव्यात म्हणून आपण जी बोरिक पावडर टाकतो, ते बोरिक आम्ल.

साध्या पाण्याचा पीएच सातच्या आसपास असतो. तिथे ९.२ चा अर्थ असा की आर्सेनस आम्लाच्या साधारण १६० रेणूंपैकी एकच रेणू हायड्रोजन सोडून विद्युतभारित होतो. बाकीचे १५९ जसेच्या तसे. त्यांच्यावर ना धन भार, ना ऋण भार. त्यामुळे पाणी आंबट लागत नाही, लिटमस बदलत नाही, पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही. हे ‘भार नसणं’ ध्यानात ठेवा. पुढे ते तीन ठिकाणी भेटणार आहे, आणि तिन्ही ठिकाणी आपल्या विरोधात.

सोमलाची जुनी ख्याती खुन्यांचं विष म्हणून. युरोपात त्याला थट्टेने वारसदारांची पूड म्हणत. उलट्या-जुलाबांनी माणूस जाई आणि लोक पटकीवर नाव ठेवून मोकळे होत. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जॉन बॉडल नावाच्या तरुणावर आजोबांच्या कॉफीत सोमल मिसळल्याचा खटला चालला. जेम्स मार्श या रसायनज्ञाने तपासणी करून आर्सेनिकचा पिवळा साका मिळवला होता, पण खटला उभा राहीपर्यंत तो खराब झाला आणि ज्यूरींना पटला नाही. बॉडल सुटला. मार्शने मात्र हे मनाला लावून घेतलं. १८३६ मध्ये त्याने नवी परीक्षा प्रसिद्ध केली. संशयित द्रावात जस्त आणि आम्ल घालायचं, निघणारा वायू काचेच्या तापलेल्या नळीतून न्यायचा. आर्सेनिक असेल तर नळीच्या थंड भागावर काळसर चकचकीत आरसा उमटतो. १८४० मध्ये फ्रान्समधल्या मारी लाफार्ज या तरुण विधवेच्या खटल्यात स्थानिक तज्ज्ञांना ही परीक्षा नीट जमली नाही, तेव्हा पॅरिसहून ओर्फिला या नामांकित विषतज्ज्ञाला बोलावलं गेलं. त्याने मृत पतीच्या शरीरात आर्सेनिक दाखवून दिलं आणि तिला जन्मठेप झाली. न्यायालयात रसायनशास्त्राचा शब्द चालू लागला तो इथून. खुनी लोकांना दुसरं विष शोधावं लागलं.

पण विसाव्या शतकातली मोठी विषबाधा कुणी केली नाही. ती जमिनीतून वर आली.

१९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे चोवीस परगण्यातल्या खेड्यांमधले रुग्ण आले. अंगावर पावसाचे थेंब पडून वाळावेत तसे काळे-पांढरे ठिपके, तळहात आणि तळपाय खरखरीत, गाठाळ. बघणाऱ्यांना कुष्ठरोग वाटावा असं. साहांनी ओळखलं की ही आर्सेनिकची लक्षणं आहेत, आणि शोध घेतला तेव्हा बोट नलिकाकूपांकडे, म्हणजे हातपंपांकडे गेलं. पुढे जाधवपूर विद्यापीठातल्या दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून गावोगाव हिंडून पाण्याचे, केसांचे, नखांचे नमुने तपासले. ते जवळजवळ आयुष्यभर हेच करत राहिले. सुरुवातीला त्यांचं म्हणणं फारसं कुणाला ऐकायचं नव्हतं. शेजारच्या बांगलादेशात तर हातपंप म्हणजे आरोग्य खात्याचा अभिमान. तळ्यातलं गढूळ पाणी पिऊन मुलं जुलाबाने दगावत, म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफच्या मदतीने लाखो हातपंप बसवले गेले. जंतूंच्या दृष्टीने पाणी खरंच स्वच्छ होतं. १९९३ मध्ये तिथल्या पाण्यातही आर्सेनिक सापडलं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेतल्या लेखात या प्रकरणाला मानवी इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं गेलं. धोक्यातल्या लोकांचा अंदाज होता साडेतीन कोटी ते पावणेआठ कोटी.

यातला एक तपशील माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला फार टोचतो. १९९२ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने बांगलादेशातल्या भूजलाची तपासणी केली होती. अनेक मूलद्रव्यं मोजली, पण आर्सेनिक मोजलंच नाही. अहवालात ते दिसलं नाही, कारण ते शोधलंच नव्हतं. आमच्या धंद्यात सगळ्या चाचण्या हिरव्या दाखवणारा अहवाल आला की अनुभवी माणूस आधी विचारतो, ‘कुठली चाचणी लिहिलीच नाही?’ बांगलादेशातल्या एका रहिवाशाने या संस्थेवर इंग्लंडमध्ये दावा लावला. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने तो फेटाळला. ज्यांच्यासाठी अहवाल केला नव्हता त्यांच्याप्रती संस्थेची जबाबदारी लागत नाही, असा निकालाचा आशय. कायद्याने बरोबर असेलही.

आता हे विष तिथे आलं कसं? कारखान्यातून नाही. हिमालयातले खडक झिजून हजारो वर्षं जो गाळ गंगा-ब्रह्मपुत्रेने आणून टाकला, त्यातल्या वाळूच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ थर असतो. आर्सेनिक या गंजाला घट्ट चिकटून बसलेलं असतं. तसंच राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण गाळाबरोबर पालापाचोळा, दलदलीतलं कुजकं द्रव्यही पुरलं गेलं. खाली प्राणवायू नाही. तिथले सूक्ष्मजीव हे द्रव्य खाताना प्राणवायूऐवजी गंजाचा वापर करतात. गंज विरघळतो आणि त्यावर बसलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. प्राणवायू नसल्यामुळे ते बहुतांशी आर्सेनस आम्लाच्या, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला आर्सेनाइट म्हणतात त्या रूपात असतं. उथळ आडाच्या पाण्याला हवा लागते, म्हणून त्यात हे सहसा कमी. फार खोल थरातलं पाणीही बरेचदा सुरक्षित. नेमका मधला, हातपंपाला सोयीचा आणि परवडणारा थर वाईट.

आर्सेनिकचं दुसरंही रूप पाण्यात असतं. त्याला हवा मिळाली, एक प्राणवायू जास्त चिकटला की आर्सेनेट होतं. नावात एका अक्षराचा फरक, स्वभाव वेगळा. आर्सेनेटचं आम्ल बरंच तीव्र आहे, त्याचा पहिला आकडा २.२. त्यामुळे साध्या पाण्यात त्याचा प्रत्येक रेणू ऋण भार घेऊनच फिरतो. भार असला की पकडता येतं. गंजाला, तुरटीच्या साक्याला, गाळणीतल्या खास मण्यांना ते चिकटतं. आर्सेनस आम्लावर भारच नाही, त्यामुळे यांतल्या बऱ्याच सापळ्यांतून ते निसटतं. सौम्यपणाचा हा पहिला फटका.

दुसरा फटका शरीरात. पेशीच्या भोवतालचं आवरण भारित कणांना सहजी आत घेत नाही. त्यांच्यासाठी पहारा असलेली दारं असतात. पण पाणी आणि ग्लिसरॉलसारखे भार नसलेले छोटे रेणू जावेत म्हणून काही सताड उघड्या वाटा असतात. आर्सेनस आम्लाचा तीन ओएचवाला रेणू या वाटेला ग्लिसरॉलसारखाच दिसतो. ग्लिसरॉललाही तीन ओएच. दारावर कुणी हटकत नाही.

आत गेल्यावर मात्र त्याचा सौम्यपणा संपतो. आर्सेनिकची गंधकाशी जुनी सलगी. हरताळ आणि मनशीळ हीच तर त्याची साक्ष. आपल्या शरीरातल्या असंख्य प्रथिनांत गंधक-हायड्रोजनची टोकं असतात आणि कित्येक विकरांचं काम त्यांच्यावरच चालतं. आर्सेनस आम्ल आपले ओएच सोडतं आणि या गंधकांना धरून बसतं, विशेषतः दोन गंधक शेजारी-शेजारी सापडले तर. साखरेपासून ऊर्जा काढण्याच्या साखळीत पायरुव्हेटचं पुढच्या टप्प्यात रूपांतर करणारं एक मोठं यंत्र आहे. त्याच्या एका लवचिक हातावर असे दोन गंधक शेजारी असतात. आर्सेनिकने तो हात धरला की यंत्र थांबतं. मोठा डोस असेल तर तासा-दिवसांत मृत्यू. रोज थोडं थोडं पोटात जात असेल तर यकृत त्याला कार्बनचे तुकडे जोडून लघवीवाटे बाहेर काढत राहतं, पण ही वाटही निर्धोक नाही. मधे तयार होणारी काही रूपं मूळ विषाहून जहाल असतात. दहा-पंधरा वर्षांनी त्वचेवर ठिपके, तळव्यांवर गाठी, आणि पुढे काहींना त्वचेचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग.

उतारा? दुसऱ्या महायुद्धात आर्सेनिकयुक्त विषारी वायूच्या भीतीने ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांच्या गटाने एक औषध शोधलं. कल्पना सरळ होती: आर्सेनिकला शेजारी-शेजारी दोन गंधक आवडतात ना, मग असे दोन गंधक असलेला छोटा रेणूच टोचून द्या. तीव्र विषबाधेत असे उतारे वापरतात. वर्षानुवर्षांच्या बाधेवर मात्र खरा उपाय एकच, ते पाणी बंद करणं.

याच गंधकप्रेमाचा एक चांगला उपयोगही आहे. १९७० च्या दशकात चीनमधल्या हार्बिन इथे झांग टिंगडाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोमलाचं शुद्ध द्रावण रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर शिरेतून देऊन पाहिलं. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा एकेकाळी अत्यंत घातक प्रकार. आज तो बहुसंख्य रुग्णांत बरा होतो, आणि त्यात अ जीवनसत्त्वापासून बनवलेल्या एका औषधाइतकाच सोमलाचा वाटा आहे. त्या रोगात जे बिघडलेलं प्रथिन तयार होतं, त्यातल्या गंधकांना आर्सेनिक धरतं आणि पेशी ते प्रथिन मोडीत काढते. अमेरिकेत या औषधाला २००० साली मान्यता मिळाली. डोस असतो किलोमागे रोज ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला नऊ मिलिग्रॅम, तोही रुग्णालयात, हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून. हे वाचून ‘आमच्या वैद्यांच्या पुड्यांतही सोमल असायचा’ असं म्हणणाऱ्या काकांना एवढंच सांगायचं, की त्या पुडीत किती मिलिग्रॅम आहे हे आधी लेखी घ्या.

तिसरा फटका बसतो आपल्या स्वयंपाकघरातल्या यंत्राला, आणि हा भाग लिहिण्याचं कारण माझा एक सहकारी. तो बिहारमधल्या भोजपूर जिल्ह्यातला. तिथल्या काही गावांच्या भूजलात आर्सेनिक आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. त्याने गावी आईवडिलांसाठी आरओ बसवला आणि निश्चिंत झाला. बसवणाऱ्याने टीडीएस मीटर बुडवून दाखवलं होतं: आधी चारशे, नंतर चाळीस. ‘अजून काय पाहिजे?’ असं त्याने मला विचारलं, आणि त्या एका प्रश्नाने माझे दोन रविवार वाचनात गेले.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. वीज वाहून नेतात ते भारित कण. आर्सेनस आम्लावर भार नाही, म्हणजे ते मीटरला दिसतच नाही. आणि दिसलं असतं तरी काय? भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. आपल्या हैदराबादेत उन्हाळ्यात दारात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्या अख्ख्या टँकरमध्ये अर्धी चिमूट, म्हणजे शंभर मिलिग्रॅम आर्सेनिक असलं की मर्यादा गाठली. चारशे-चाळीसच्या हिशेबात हे खिजगणतीतही नाही.

आरओचा पडदा स्वतः कसा वागतो? भारित आर्सेनेट तो बहुतांशी अडवतो. भार नसलेल्या आर्सेनाइटचा बराच हिस्सा मात्र आरपार जाऊ शकतो. किती, ते पडद्याच्या जातीवर, वयावर आणि दाबावर ठरतं. म्हणून बोअरचं कच्चं पाणी थेट आरओत सोडणं आणि क्लोरिन टाकलेलं पाणी सोडणं यांत मोठा फरक पडतो. ब्लीचिंग पावडरमधलं क्लोरिन आर्सेनाइटला प्राणवायू देऊन त्याचं आर्सेनेट करतं, तेही काही मिनिटांत. मग ते पडद्याला अडतं. (क्लोरिनने पडदा खराब होतो, म्हणून यंत्रात आधी कोळशाची गाळणी असते. म्हणजे क्लोरिनने आपलं काम टाकीतच उरकलेलं हवं.) पाणी उकळून काही उपयोग नाही, उलट वाफ जाते, आर्सेनिक राहतं आणि पाणी आटेल तसं दाट होतं. अतिनील दिवा जंतू मारतो, आर्सेनिकला त्याचं काही नाही.

सर्वांत भरवशाचा मित्र निघाला तो साधा लोखंडाचा गंज, म्हणजे ज्याच्यावरून हे आर्सेनिक जमिनीत सुटलं तोच. ताजा गंज दोन्ही रूपांना धरतो. बांगलादेशी रसायनज्ञ अबुल हुसाम यांनी लोखंडाचा कीस, वाळू आणि कोळसा वापरून वीज न लागणारी घरगुती गाळणी बनवली आणि २००७ मध्ये तिला अमेरिकेतलं दहा लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. आपल्याकडे मद्रासच्या आयआयटीत प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने लोहाच्या अतिसूक्ष्म कणांचं ‘अमृत’ हे तंत्र विकसित केलं. ते दोन्ही रूपं काढतं आणि पश्चिम बंगाल, पंजाबमध्ये वापरात आलं आहे. सहकाऱ्याला मी एवढंच सुचवलं, की मीटर बाजूला ठेव आणि आरओतून बाहेर येणाऱ्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दे. अहवाल आला: आर्सेनिक लिटरला २३ मायक्रोग्रॅम. बोअरमध्ये होतं त्याच्या निम्म्याहून कमी, पण मर्यादेच्या दुपटीहून जास्त. आता त्याच्या घरी आरओच्या आधीची टाकी आहे, ब्लीचिंग पावडरचा डबा आहे आणि दर सहा महिन्यांनी नमुना पाठवायची आठवण फोनमध्ये लावलेली आहे.

आपल्या भागाचं काय, असं वाचकांच्या मनात आलं असेल. महाराष्ट्रातला मोठा भाग आणि माळवा दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेला आहे. तिथे भूजलातल्या आर्सेनिकची गंगेच्या खोऱ्यासारखी समस्या नोंदली गेलेली नाही. तेलंगणात नलगोंड्याकडे त्रास आहे तो फ्लोराइडचा. पण शेजारी दोन जागा आहेत. एक, छत्तीसगडमधलं कौडीकसा आणि आसपासची गावं, आपल्या गडचिरोलीच्या सीमेजवळची. तिथल्या पाण्यातलं आर्सेनिक १९९९ पासून माहीत आहे. दुसरी, हैदराबादहून फार लांब नसलेला कर्नाटकातला यादगीर जिल्हा. तिथे मंगळूर नावाच्या (समुद्रकाठचं नव्हे) जुन्या सोन्याच्या खाणीजवळ किरदळ्ळी तांडा ही वस्ती आहे. सोन्याबरोबर आर्सेनिकची खनिजं असतात, ती खाणीच्या उकिरड्यातून आणि खडकातून पाण्यात उतरतात. दीपंकर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्या भागातल्या ५९ कूपनलिकांपैकी ७९ टक्क्यांत मर्यादेबाहेर आर्सेनिक होतं, सर्वाधिक लिटरला ३०३ मायक्रोग्रॅम. आणि तपासलेल्या १८१ माणसांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या त्वचेवर खुणा होत्या. तेव्हा कुणाची शेतघराची जमीन, कुणाचा नवा प्लॉट अशा पट्ट्यात असेल, तर बोअर मारल्यावर पाण्याच्या तपासणीच्या यादीत ‘आर्सेनिक’ हा शब्द आहे का ते पाहा. नेहमीच्या पॅकेजमध्ये कडकपणा, क्षार, जंतू एवढंच असतं. वेगळं मागावं लागतं.

राहिला भात. भातखाचरात पाणी उभं असतं, म्हणजे मुळांजवळ प्राणवायू कमी, म्हणजे पुन्हा तेच आर्सेनस आम्ल. भाताचं रोप जमिनीतून सिलिका हौसेने ओढतं. पानांची धार, तुसाचा कडकपणा त्यातूनच येतो. आणि पाण्यातली सिलिकाही असते एक सौम्य, भार नसलेलं आम्ल. २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की सिलिकासाठीच्याच वाटेने आर्सेनस आम्ल रोपात शिरतं. म्हणून गव्हापेक्षा तांदळात आर्सेनिक जास्त सापडतं. घाबरून भात सोडण्याचं कारण नाही. पण पश्चिम बंगालमध्ये झालेल्या अभ्यासांत असं दिसलं, की तांदूळ नीट धुऊन, भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी काढून टाकलं तर भातातलं आर्सेनिक निम्म्याच्या आसपास उतरतं, अर्थात शिजवायचं पाणी चांगलं असेल तरच. कुकर येण्यापूर्वी कोकण-गोव्यात घरोघरी भात असाच वेळून घेत. पातेल्यावर वेळणी धरून ते तिरकं करायचं आणि पेज वेगळी काढायची. आमच्या घरी ती वेळणी अजून आहे, पण सध्या तिच्याखाली दही विरजतं. पेजेबरोबर काही जीवनसत्त्वंही निघून जातात हे खरं. त्यामुळे इथे हैदराबादेत, नळाच्या पाण्यावर, मी काही कुकर सोडलेला नाही. भोजपूरला मात्र त्या सहकाऱ्याच्या आईने पुन्हा पातेलं काढलं आहे, टाकीतल्या नव्हे, गाळलेल्या पाण्यात.